कॅमेऱ्याच्या बॅटरीचा स्विच : निवड आणि जोडणी

समारंभाचे चित्रीकरण हे आज अनेक तरुणांचे उपजीविकेचे साधन झाले आहे. मैदानात किंवा मिरवणुकीत विजेची सोय असतेच असे नाही. म्हणून १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर दिवा आणि मॉनिटर चालवावा लागतो, आणि बॅटरीच्या पेटीवर एखादा स्विच बसवला जातो. तो स्वस्त मिळतो, त्यामुळे त्याचा फारसा विचार होत नाही. परंतु चुकीच्या स्विचमुळे काम मध्येच बंद पडते आणि चुकीच्या जोडणीमुळे वायर पेटूही शकते. लग्न असो वा सभा, ती दुसऱ्यांदा होत नाही. हा विषय समजण्यासाठी विज्ञान शाखेचे शिक्षण लागत नाही. साधा भागाकार पुरेसा आहे.

प्रथम हिशेब

वॅटला व्होल्टने भागले की ॲम्पिअर मिळतात. दिवा २४ वॅटचा व मॉनिटर १२ वॅटचा धरल्यास एकूण ३६ वॅट झाले. ३६ भागिले १२, म्हणजे ३ ॲम्पिअर. मात्र अशा अनेक उपकरणांतील सर्किट वॅट कायम ठेवते. त्यामुळे बॅटरी उतरली की प्रवाह कमी न होता वाढतो. ११ व्होल्टला तोच सुमारे ३.३ ॲम्पिअर होतो. शिवाय चालू करताक्षणी आतील कपॅसिटर भरण्यासाठी क्षणभर याच्या कित्येक पट प्रवाह धावतो. म्हणून येथे किमान ६, शक्यतो १० ॲम्पिअरचा स्विच घ्यावा.

स्विचवरील आकडे

स्विचवर बहुधा ‘२५० व्होल्ट ए.सी.’ असे छापलेले असते. तो आकडा घरातील विजेचा आहे. घरातील प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच बंद करताना पडलेली ठिणगी लवकर विझते. बॅटरीचा डी.सी. प्रवाह असा शून्यावर येत नाही. ठिणगी रेंगाळते, आतील संपर्काची टोके जळतात, कधी एकमेकांना चिकटतात. मग बटण बंद दिसते, पण प्रवाह चालूच राहतो. १२ व्होल्टला हा धोका कमी असतो. २४ व्होल्टला किंवा मोटर असल्यास तो वाढतो. म्हणून दुकानदाराकडे डी.सी.चा आकडा मागावा. २३० व्होल्टचा निऑन दिवा असलेला स्विचही घेऊ नये. तो दिवा १२ व्होल्टवर लागत नाही. गर्दीत धक्का लागून बंद होणार नाही असा, पेटीच्या पृष्ठभागात बसणारा किंवा कुलूपबंद दांडीचा स्विच उत्तम.

जोडणीचा क्रम

१. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, फ्यूजपासून स्विच आणि तेथून उपकरण, असा क्रम ठेवावा. ऋण तार सरळ जोडावी.

२. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. फ्यूजच्या आधीची तार घासून उघडी पडली, तर तिला कोणतेही संरक्षण नसते. वरील उदाहरणात ५ ॲम्पिअरचा फ्यूज योग्य.

३. स्विच ऋण तारेत बसवू नये. कॅमेरा व मॉनिटर एकाच बॅटरीवर असतील आणि मॉनिटरची ऋण तार तोडली, तर प्रवाह व्हिडिओ केबलच्या धातूच्या आवरणातून परतीची वाट शोधतो. त्यात महागडे सॉकेट जळू शकते.

४. तांब्याची तार १ चौरस मिलिमीटरची घ्यावी. १ मीटर अंतरावर, जाऊन-येऊन, ३ ॲम्पिअरला सुमारे ०.१ व्होल्ट घट होते. ०.२ चौरस मिलिमीटरची बारीक तार घेतल्यास हीच घट अर्ध्या व्होल्टच्या पुढे जाते.

५. लिथियम सेलवर थेट डाख देऊ नये; उष्णतेने सेल बिघडतो. काम करताना बॅटरी वेगळी ठेवावी आणि प्रत्येक सांध्यावर आवरण चढवावे.

तपासणी

उपकरण जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने धन-ऋण पाहावे. नंतर सर्व चालू करून स्विचच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजावेत. ते शून्याच्या जवळपास असावेत. दहा मिनिटांनी स्विचला हात लावून पाहावा. तो गरम लागला, तर बदलावा.

शेवटी एक नियम पाळावा. कॅमेराही याच बॅटरीवर असेल तर आधी रेकॉर्डिंग थांबवावे, मग कॅमेरा बंद करावा आणि त्यानंतरच मुख्य स्विच. वीज एकाएकी तुटली तर फाइल अपुरी राहून उघडत नाही. विद्यार्थी मित्रांनी ही जोडणी प्रथम एका साध्या १२ व्होल्टच्या बल्बवर करून पाहावी आणि हात बसल्यावरच कॅमेऱ्याकडे वळावे.