वादळाचा नकाशा

अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २००२ साली आपल्या नकाशावर शंकूच्या आकाराचा पट्टा दाखवण्यास प्रारंभ केला. वादळाचे केंद्र या पट्ट्यात राहण्याची शक्यता साधारणतः दोन-तृतीयांश असते. म्हणजे तीनपैकी एखाद्या वेळी ते बाहेरही जाते. पट्टा पुढे रुंदावतो, तो अंदाजातील अनिश्चितता वाढत जाते म्हणून. अनेकांनी मात्र वादळच मोठे होत जाणार, असा त्याचा अर्थ घेतला.

पट्ट्याच्या मधोमध संभाव्य मार्गाची काळी रेषा असे. ऑगस्ट २००४ मध्ये 'चार्ली' वादळाच्या वेळी ती फ्लोरिडातील टॅम्पा शहराकडे रोखलेली होती. वादळ आधीच उजवीकडे वळले आणि १३ ऑगस्टला दक्षिणेकडील पुंटा गोर्डाजवळ आदळले. ते ठिकाण पट्ट्याच्या आतच होते. लोकांची नजर तेवढी रेषेवर खिळली होती. पुढे केंद्राने रेषा वगळलेले नमुने तयार करून लोकांची मते मागवली. बहुसंख्यांनी जुनाच नकाशा पसंत केला! हे चमत्कारिक वाटले तरी अस्वाभाविक नाही. घर सोडावे की नाही, हे ज्याला ठरवायचे असते, त्याला अनेक शक्यतांपेक्षा एक ठाम रेघ जवळची वाटते.

ऑगस्ट २०२४ पासून केंद्राने प्रायोगिक नकाशात किनाऱ्यापासून दूरच्या भागांतील वाऱ्याचे इशारेही रंगांनी दाखवले. पुढच्याच महिन्यात 'हेलीन' वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ प्रदेशात हाहाकार माजवला, तो मुख्यतः महापुराने. पुराविषयी हा पट्टा काहीच सांगत नाही.