पाणकावळा व शेततळें

चाकणजवळील भामा आसखेडच्या जलाशयावर सकाळीं गेल्यास काळे पाणकावळे बुडी मारतांना दिसतात. त्यांच्या पायाचीं चारही बोटें पडद्यानें जोडलेलीं असतात व चोंच टोंकास आंकड्यासारखी वळलेली असते. पिसें भिजत असल्यामुळें बुडी घेणें सोपें जातें. म्हणूनच नंतर पंख पसरून ते वाळवावे लागतात. जपानांत नागारा नदीवर कोळी त्यांच्या गळ्यास दोरी बांधून त्यांजकडून मासे धरवितात.

आमच्या शेततळ्यांतील बोटुकली या पक्ष्यांनीं फस्त केली, तेव्हां त्यांस मारावें असें आमच्या मनांत आलें. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा ठरतो. म्हणून आम्हीं कांहीं दिवस नुसतें पाहिलें. लहान पाणकावळा बेताचा मासाच गिळतो, असें दिसून आलें. पुढील वर्षीं वीतभर वाढलेले मासे सोडले व तळ्यावर जाळें ताणलें. नुकसान पुष्कळ घटलें. जाळें मात्र ताठ असावें, ढिल्यांत पक्षी अडकून मरतो.

त्याच्या विष्ठेंत नत्र असतें. पेरूच्या किनाऱ्यावरील त्याच्याच भाऊबंदांचें ग्वानो खत १९ व्या शतकांत युरोपच्या शेतांत पडलें. तेव्हां शेतकरी बंधूंनीं आधीं पहावें, मग शत्रु ठरवावा.