पायताण: सायकलीसाठी, डोंगरासाठी आणि आपल्या पायासाठी



विनयपिटकाच्या महावग्गात चामड्याविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला सोण कोळिविस भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याचे कोवळे तळपाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने भरली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचा दाखला दिला: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. आणि एका पदराचे पायताण घालायला परवानगी दिली. सोण म्हणाला, एकट्याला ही सवलत नको. तेव्हा ती सगळ्या संघाला मिळाली. पायाची काळजी घेणे म्हणजे चैन नव्हे, हे आपल्याला तेव्हापासून सांगितलेले आहे.

आपल्या आजा-पणजांना मात्र वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यावे लागे. २१ व २२ मार्च १९२० रोजी आपल्याच तालुक्यातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, राजर्षी शाहू महाराज तिथे आले. अशा लढ्यांतून आलेला मान आज आपल्या पायातही आहे. म्हणून जयंतीला कोरी करकरीत कोल्हापुरी घालून निघावे असे वाटते, आणि ते योग्यच आहे. फक्त ती कोणत्या पायात आणि कोणत्या कामाला घालायची, हे कळले पाहिजे.

आमच्याकडून झालेली चूक

हातकणंगल्याच्या एका वस्तीत विहारात आम्ही साखर तपासणीचे शिबिर घेतले होते. यंत्रमागावर सायकलने जाणारे एक मामा आले. साखर वाढलेली निघाली. आम्ही गोळ्या समजावल्या, भात कमी करा म्हणालो आणि पुढचा माणूस बोलावला. मामांनी जयंतीसाठी नवी चप्पल घेतली होती. अंगठ्याच्या बेचक्यात ती चावली, फोड आला, फुटला. पाय बधिर असल्यामुळे त्यांना दुखलेच नाही. तीच चप्पल घालून ते रोज सायकल मारत राहिले. वीस दिवसांनी वास यायला लागला तेव्हा मामी आमच्याकडे धावत आल्या. अंगठा काढावा लागला. मामा एवढेच म्हणाले, "दुखलं असतं तर सांगितलं असतं की."

शिबिरात आम्ही त्यांचे पायताण काढून पाय पाहिला नव्हता. तेव्हापासून आमच्या शिबिरात आधी पाय बघतो, मग बोटातून रक्त घेतो.

आधी ही तपासणी घरी करा

साखरेचा आजार असलेल्या माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाच्या टोकाने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाय बधिर होत आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

अशा पायाला अंगठ्याची कोल्हापुरी नको, कितीही मऊ असली तरी. त्यांनी मऊ एमसीआर रबराचा तळ, रुंद पुढा आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांना अशी चप्पल सरकारी कार्यक्रमातून मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

चांगली कोल्हापुरी कशी निवडावी

खऱ्या कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले असते. त्यात क्रोमियम नसते, त्यामुळे क्रोमच्या चामड्याने खाज आणि पुरळ येणाऱ्यांनाही ती बहुधा सोसते. कातडे कमावणारे ढोर समाजाचे बांधव, शिवणारे चर्मकार बांधव आणि वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरच्या बायका यांची ही विद्या आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत.

घेताना एवढे पाहा:

१. तळाची कड बघा. कातड्याचे थर आणि वादीची शिवण दिसली पाहिजे. नुसते चिकटवलेले असेल तर आत पुठ्ठा असू शकतो.

२. तळावर पाण्याचा थेंब ठेवा. कमावलेल्या कातड्यात तो मुरतो आणि डाग गडद होतो, रेक्झिनवरून ओघळून जातो.

३. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर उभे राहून दोन्ही पायांची रेघ काढा. दोन्ही पाय सारखे नसतात. जो मोठा, त्याचे माप धरा.

४. टाच तळाच्या बाहेर लोंबू नये. अंगठा अडकवल्यावर बेचक्यात काच बसू नये.

नवी चप्पल एकदम दिवसभर घालू नका. अंगठा, पट्टा आणि कानाला आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवा. पहिले दोन दिवस घरात तासभर, मग दोन-तीन तास, असे आठवडाभर करा. जयंतीची खरेदी निदान पंधरा दिवस आधी करा.

सायकलीसाठी

कोल्हापुरीचा तळ ताठ आणि सपाट असतो, त्यामुळे पेडल दाबताना जोर चांगला लागतो. पण कातडी तळ गुळगुळीत असतो आणि मागे पट्टा नसल्याने टाच सुटते. रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांनी कारागिराकडून टाचेला बक्कलचा पट्टा लावून घ्यावा आणि खाली रबराचा पातळ तळ मारून घ्यावा. झिजलेली, नुसत्या लोखंडाची पेडल असतील तर रबराची बसवा. पेडल चवड्याने मारा, पायाच्या मधल्या खळग्याने नको. ब्रेक नाही म्हणून पाय जमिनीला घासून सायकल थांबवायची सवय सोडा, अंगठ्याची नखे त्यातच जातात. फौंड्रीत किंवा कारखान्यात पोहोचल्यावर मात्र चप्पल बदलून सेफ्टी बूटच घाला. तापलेला लोखंडाचा कण उघड्या पायाला सोडत नाही.

डोंगरासाठी

आळत्याचा किंवा बाहुबलीचा डोंगर असो, जोतिबाच्या अंगाची पोहाळे लेणी असोत, उन्हाळ्यात मुरलेली, पट्टा आणि रबरी तळ असलेली कोल्हापुरी चालते. उतरताना पाय पुढे घसरतो आणि सगळा भार अंगठ्याच्या बेचक्यावर येतो. म्हणून उतरण्याआधी टाचेचा पट्टा एक भोक घट्ट करा.

पावसाळ्यात, म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड असल्या मोहिमेला, कोल्हापुरी घरीच ठेवा. भिजलेले कातडे फुगते, ढिले होते, शेवाळलेल्या दगडावर घसरते, आणि ओल्या बेचक्यात चिखल्या होतात. तिथे खाचांचा रबरी तळ असलेले बंद बूट घाला. उसाच्या फडात रात्री पाणी पाजायला जातानाही गमबूट आणि बॅटरी हवीच, सापासाठी.

चप्पल भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर कातडे तडकते, आणि तडकलेली कड पायाला कापते.

फोड आला तर

फोड फोडू नका. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाची पट्टी बांधा आणि तो भरेपर्यंत ती चप्पल घालू नका. चुना, तंबाखू, गाडीचे ऑइल लावू नका. काटा किंवा खिळा घुसला तर त्याच दिवशी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. लाली पसरली, पू आला, वास आला किंवा साखरेच्या माणसाला कसलीही जखम झाली, तर दुखण्याची वाट बघू नका.

रात्री वंदना झाली की पाच मिनिटे पायासाठी ठेवा. पाय धुवा, बेचकी कोरडी करा, तळवा दिव्याखाली बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर सूनबाई-नातवंडांनी बघावे. मामा आता एमसीआरची चप्पल घालून माणगावच्या कार्यक्रमाला येतात. त्यांची कोल्हापुरी त्यांनी मुलाला दिली. पण आधी त्याला खाली बसवून, डोळे मिटायला लावून, सहा बोटांची तपासणी त्यांनी स्वतः केली.