कमी उन्हातला बटाटा आणि हिरव्या सालीचा धोका

बटाट्याच्या पानांना ऊन हवे. बटाट्याला मात्र उजेड लागता कामा नये. गॅलरीत, ओट्यावर किंवा घरामागच्या अरुंद जागेत बटाटा लावणाऱ्याने एवढे पक्के समजून घ्यावे.

चांगल्या पिकाला रोज सहा तास तरी ऊन लागते. वस्तीत, चाळीत तेवढे क्वचितच मिळते. चार तास मिळत असेल तरी लावून पाहावे. बटाटे लहान आणि थोडे येतील, एका गोणीतून घरच्या एक-दोन वेळच्या भाजीपुरते. त्याहून कमी ऊन असेल तर बटाट्याचा नाद सोडून अळू किंवा पुदिना लावावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दक्षिणेला उघडी असलेली गॅलरी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त वेळ उन्हात राहते, आणि आपल्या मैदानी भागात बटाट्याचा मुख्य मोसमही तोच. बटाटा पोसायला रात्रीचा गारवा लागतो. मागच्या भिंतीला चुना मारला तर उजेड थोडा वाढतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की बेणे तयार करायला घ्यावे. कुफरी पुखराज, कुफरी चंद्रमुखी यांसारखे लवकर येणारे वाण बरे. साधारण 75 ते 90 दिवसांत निघतात. अंड्याएवढे अखंड बटाटे थेट ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवावेत. आखूड, जाड कोंब आले की नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावावेत.

जुनी, स्वच्छ धान्याची गोणी घ्यावी. औषध किंवा रासायनिक खत भरलेली नको. तळाला भोके पाडून गोणीची कड खाली दुमडावी, म्हणजे सावली पडत नाही. दोन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत असे मिश्रण वीतभर भरून दोन बटाटे, कोंब वर करून, चार बोटे खोल ठेवावेत. युरिया टाळावा, कमी उन्हात त्याने नुसता पाला माजतो. सावलीत माती उशिरा वाळते, म्हणून बोट खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. तेही सकाळी, बुडाशी. पाने ओली राहिली की करपा येतो.

झाड वीतभर झाले की शेंडा मोकळा ठेवून मातीची भर द्यावी. पुढे दोन-तीन वेळा असेच करावे. बटाटा हे मूळ नाही, जमिनीखाली पोसलेले खोड आहे. उघडे पडले की ते हिरवे होते. हिरवा रंग निरुपद्रवी असतो. पण ज्या उजेडाने तो रंग येतो त्याच उजेडाने सालीत सोलॅनिन हे विष वाढते. उकडून, तळून किंवा कुकरच्या शिट्ट्या वाढवून ते जात नाही. पोटात कळा, उलट्या, जुलाब, डोकेदुखी ही त्याची लक्षणे. लंडनमधील एका शाळेत आधीच्या सत्रातले उरलेले बटाटे खाऊन 78 मुले आजारी पडली, त्यांतील 17 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. ही हकीकत 1979 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

आपल्याकडे काटकसरीने संसार करणारी बाई हिरवट बटाटा टाकायला धजत नाही, आणि स्वस्तात मिळणाऱ्या ढिगात असेच बटाटे जास्त असतात. हिरवा डाग लहान असेल तर साल जाड काढून तो भाग आणि कोंबाचे डोळे खोल कोरून टाकावेत. बराचसा बटाटा हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर तो टाकूनच द्यावा, लहान मुलांच्या ताटात तर मुळीच वाढू नये. रताळ्याचा पाला भाजीला चालतो म्हणून बटाट्याचाही चालेल, असे समजू नये. पाला आणि टोमॅटोसारखी दिसणारी त्याची हिरवी फळे विषारी असतात.

पाने पिवळी पडली की पाणी तोडून आठ-दहा दिवसांनी गोणी उपडी करावी. बटाटे सावलीत वाळवून, टोपलीवर जाड फडके टाकून अंधारात ठेवावेत. पारदर्शक पिशवीत नकोत. बेण्यासाठी उजेडात ठेवलेले हिरवे बटाटे मात्र स्वयंपाकघरापासून दूर असावेत, आणि ते बेण्याचे आहेत हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.