इंजिनिअरिंगची जागा निवडताना

कॅपच्या फेरीत एक जागा मिळालीय आणि दुसरीची आशा आहे? मग नियम नीट समजून घ्या. पुढच्या फेरीत यादीतलं वरचं कॉलेज लागलं, की आधीची जागा आपोआप जाते. मागे फिरता येत नाही. म्हणून जिथे खरंच जायचंय तेच वर लिहा, शेजाऱ्यांनी सुचवलेलं नव्हे!

नॅकचा दर्जा अख्ख्या कॉलेजला असतो, एनबीएचं मानांकन मात्र शाखेला. आपल्या शाखेला ते आहे का, बघा.

मुलींनो, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. पण कॅपमधूनच, मॅनेजमेंट कोट्याला नाही. वसतिगृह, मेसचा खर्च वेगळा. चारही वर्षांचा हिशोब आई-बाबांसोबत कागदावर मांडा.