हुबळीची पेठ आणि कारवारचं बंदर: आपल्या किनाऱ्याचा एक धडा



हुबळी-धारवाडला समुद्र नाही, पण कारवार-अंकोल्याचा बांगडा तिथल्या ताटात असतो. कारवार ते हुबळी अंतर साधारण १६५ किलोमीटर, मधे अरबैलचा घाट. मासळीची गाडी ज्या दिशेने आज घाट चढते, त्याच दिशेहून कधी काळी कापड आणि कापूस खाली बंदरात उतरायचा. कारवारचं नशीब पुष्कळदा घाटावर ठरलं. ते कसं, हे बोटमालकांनी आणि मच्छीमार घरांनी समजून घ्यायला हवं, म्हणून हा लेख.

आधी जागा पाहू

काळी नदी जोयडा तालुक्यात उगम पावते. सुमारे १८० किलोमीटर वाहून ती सदाशिवगड आणि कोडीबाग यांच्या मधून समुद्राला मिळते. समोर कूर्मगड आणि देवगड ही बेटं, दक्षिणेला अंजदीव. बेटं आणि डोंगर यांच्यामुळे बैतखोलला वाऱ्या-लाटांपासून आडोसा मिळतो. बंदर तिथे झालं ते त्याचमुळे.

दुसरी दौलत म्हणजे खाडी. गोडं आणि खारं पाणी एकत्र होतं, काठाला खारफुटी आहे, म्हणून कोळंबी, तिसऱ्या, कालवं मिळतात. समुद्र बंद असला तरी खाडीवर कित्येक घरांची चूल पेटते. पण नदीवर वरच्या अंगाला सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणं आहेत. किती पाणी कधी सोडलं, यावर खाडीचा खारटपणा बदलतो. म्हणजे तिसऱ्या काढणाऱ्या बाईचा रोज थोडाफार धरणावरही अवलंबून आहे.

आता इतिहास

१६३८ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी कारवारला वखार घातली. त्यांना मिरी हवी होती आणि तलम कापड. कापड विणलं जायचं घाटावर, हुबळीच्या बाजूला. १६६५ मध्ये बसरूरच्या आरमारी मोहिमेवरून परतताना शिवाजी महाराज कारवारला आले, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांना खंडणी द्यावी लागली. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळीची पेठ लुटली. त्यात इंग्रजांचाही माल गेला आणि भरपाईसाठी त्यांनी बरीच वर्षं तगादा लावला. पेठ घाटावर, बंदर खाली, पण हिशेब एकच.

पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी धारवाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. हा कापूस कुमठा बंदरातून जायचा, म्हणून बाजारात त्याचं नावच 'कुमठा' पडलं. पिकला धारवाडकडे, नाव मिळालं बंदराचं! १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. कापसासाठी कारवार बंदर वाढवायचं, हे त्यामागचं मोठं कारण. जिल्ह्याचं ठाणंही कारवारला आलं. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी इथे राहिले, तेही त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते म्हणून.

मग १८८८ मध्ये मुरगाव बंदराकडे जाणारी रेल्वे पुरी झाली आणि कापूस त्या वाटेने गेला. कारवारचा धक्का ओस पडला. बंदर तेच, पाणी तितकंच खोल, फक्त वाट बदलली. हुबळी-अंकोला रेल्वे १९९० च्या दशकात मंजूर झाली, पण घाटातल्या जंगलाच्या प्रश्नावर अडकली. त्या मार्गाने अजून मासळीची एक पेटीही गेलेली नाही.

माणसं

खारवी, गाबीत, हरिकंत्र, अंबिग, दालदी असे अनेक समाज या किनाऱ्यावर मासेमारी करतात. घरात कोकणी, जुन्या पिढीचं शिक्षण मराठीत, आणि १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यापासून कचेरीत कानडी.

पूर्वी इथे रापणीचा मान मोठा. जाळं ओढायला अख्खा वाडा लागायचा आणि वाटा प्रत्येकाला मिळायचा, म्हाताऱ्यालाही. १९७५ च्या सुमारास कर्नाटकात पर्ससीन आली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत रापण मोडत गेली. पकड वाढली, पण वाटेकरी कमी झाले.

दुसरा धक्का जमिनीचा. १९८६ मध्ये नौदलाच्या 'सीबर्ड' प्रकल्पाची पायाभरणी झाली, २००५ मध्ये 'आयएनएस कदंब' तळ सुरू झाला. देशाच्या संरक्षणासाठी तो लागणारच होता. पण किनाऱ्यावरची चार हजारांच्या आसपास कुटुंबं उठली आणि मोबदल्याची भांडणं पुढे कित्येक वर्षं कोर्टात चालली. २०२० च्या जानेवारीत बंदर विस्ताराच्या दुसऱ्या टप्प्याविरुद्ध मच्छीमार रस्त्यावर आले, मासळी बाजार बंद राहिला, प्रकरण न्यायालयात गेलं.

आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री काळी नदीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हा पाण्यात पडलेल्या ट्रकच्या चालकाला वाचवायला पोलिसांबरोबर कोण होतं? तिथलेच मच्छीमार. खाडीचं पाणी त्यांनाच ठाऊक.

यातून आपण काय घ्यायचं?

पहिलं, बाजाराची वाट एकच ठेवू नका. घाट बंद झाला तर माल कुठे वळवायचा, बर्फ किती लागेल, हे संस्थेच्या बैठकीत पावसाआधी ठरवा.

दुसरं, आपला किनारा कागदावर आणा. सीआरझेडच्या नकाशात मच्छीमार वस्ती, होड्या लावायची जागा, मासळी सुकवायची जागा दाखवायची असते. आपली जागा त्यात आहे का, हे तपासा. नसेल तर जनसुनावणीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी वहिवाट साहेबाला दिसत नाही, नकाशावरची खूण दिसते.

तिसरं, जाणकारांना विचारा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबागेत आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्रही कारवारला आहे. खाडीत तिसऱ्या कमी झाल्या, मासा मेलेला दिसला, तर तारीख-वेळ लिहून त्यांना कळवा.

आपल्या गावात रापण कुठे ओढायचे, होड्या कुठे लागायच्या, त्या जागेला काय म्हणायचे? घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. आम्ही ती यादी करून ठेवतो आहोत. उद्या नकाशा पुढे आला, तर ती कामाला येईल.