वर्गणीची 'इयत्ताणी' झाली तेव्हा

पाचवी ते आठवीच्या प्रश्नसंचांच्या दोनशेहून जास्त टेक्स्ट फाइली माझ्याकडे होत्या. 'वर्ग ७' असं जिथे आहे तिथे 'इयत्ता ७' करा, असा निरोप रात्री आला. सकाळी मजकूर छपाईला जायचा होता. मी टर्मिनल उघडून सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेची एक ओळ लिहिली, 'वर्ग' दिसेल तिथे 'इयत्ता', आणि एंटर दाबलं. सेकंदभरात काम झालं. पडद्यावर काहीच उमटलं नाही, म्हणून मी निश्चिंत झालो.

सहज गणिताची एक फाइल उघडली, तर 'इयत्तामूळ काढा'. मराठीच्या उताऱ्यात गणेशोत्सवाच्या वर्गणीची 'इयत्ताणी' झालेली. 'स्वर्ग'चं 'स्इयत्ता'. पोटात खरा गोळा आला तो '७ चा इयत्ता ४९' वाचून, कारण इथे तर 'वर्ग' हा अख्खा, सुटा शब्द होता. फक्त अर्थ वेगळा.

उलट बदल करून मूळ मजकूर परत मिळेना. काही फाइलींत 'इयत्ता' आधीपासूनच होतं, त्यामुळे आपलं कुठलं आणि आधीचं कुठलं, हे ओळखणार कसं? पेनड्राइव्हवरची प्रत तीन दिवसांपूर्वीची. त्या तीन दिवसांतल्या सगळ्या दुरुस्त्या मी आणि एका सहकाऱ्यानं रात्रभर बसून पुन्हा केल्या. छपाई एक दिवस लांबलीच.

सेडला शब्द कळत नाहीत, तो अक्षरांची रांग तेवढी जुळवतो. ली मॅकमेहन यांनी सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये तो लिहिला, तेव्हा बदललेला मजकूर तो नुसता पडद्यावर दाखवायचा. फाइलमध्येच बदल करणारा 'आय' हा पर्याय नंतरचा. तेव्हा आधी 'आय'शिवाय चालवून बघा. लावायचाच झाला तर त्याला चिकटवून '.बॅक' लिहा, म्हणजे प्रत्येक फाइलची जुनी प्रत शेजारी राहते. मॅकवर 'आय'पुढे असं काहीतरी द्यावंच लागतं, लिनक्सवर कोणी अडवत नाही.

त्याच्याही आधी ग्रेप, म्हणजे शोधायची आज्ञा. 'आर' आणि 'एन' हे पर्याय दिले की फोल्डरभरातली जुळणारी प्रत्येक ओळ क्रमांकासह समोर येते. ती यादी शेवटपर्यंत वाचा. माझ्या बाबतीत 'वर्ग', मोकळी जागा आणि पाच ते आठपैकी एक अंक, असा शोध हवा होता. तरी '८ चा वर्ग ६४' त्यात सापडलाच असता, म्हणून त्या अंकापुढे दुसरा अंक नको, हीसुद्धा अट घालावी लागते. असे बारकावे यादी वाचतानाच सुचतात.

मराठी मजकुरात आणखी एक गोष्ट सांभाळा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. दोन्ही शोधा.

आणि रात्री घाई असेल तर आधी फोल्डरची प्रत करून ठेवा. दोनशे फाइलींना मिनिटसुद्धा लागत नाही.